पाच प्रती उरलेलं पुस्तक

डिसेंबर १९३२ मध्ये लखनौच्या निजामी प्रेसमधून एक लहानसा उर्दू कथासंग्रह बाहेर पडला. नाव होतं 'अंगारे'. पुढच्या तीन-साडेतीन महिन्यांत या पुस्तकाविरुद्ध सभा झाल्या, ठराव झाले, फतवे निघाले, प्रती जाळल्या गेल्या आणि १५ मार्च १९३३ रोजी संयुक्त प्रांताच्या सरकारनं ते जप्त केलं. हाती लागलेल्या प्रती पोलिसांनी नष्ट केल्या. पाच तेवढ्या ठेवल्या. त्यातल्या तीन दिल्लीच्या सरकारी दप्तरात गेल्या आणि दोन लंडनला.

ज्या सरकारनं पुस्तक नाहीसं केलं, त्याच सरकारच्या दप्तरानं ते सांभाळलंही, ही गंमत इथेच सांगून टाकतो. इंग्रजांचा सगळा कारभार कागदाचा. गुन्ह्याचा पुरावा म्हणून का होईना, पण कागद राहिला पाहिजे! एखाद्या उत्साही वाचकाच्या कपाटात ते राहिलं असतं, तर वाळवीनं केव्हाच खाल्लं असतं. पुढे १९९५ साली खालिद अल्वी यांनी दिल्लीतून ते पुन्हा उर्दूत आणलं आणि २०१४ मध्ये तर त्याचे दोन वेगवेगळे इंग्रजी अनुवाद एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. मग माझ्यासारख्याची सोय झाली. मला उर्दू कानानं कळतं, डोळ्यांनी नाही.

'अंगारे'विषयी मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. पुरोगामी साहित्याच्या चळवळीवरच्या कुठल्याही लेखात हे नाव पहिल्या परिच्छेदात येतं. बंदी आली, खळबळ माजली, इतिहास घडला, एवढं सांगून लेखक पुढे सरकतात. पुस्तकात आहे काय, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. तेव्हा आज त्या इतिहासाबरोबरच मी एक वाचक म्हणून बोलणार आहे. हे पुस्तक वाचताना मला काय वाटलं आणि माझ्याआधी ज्यांनी ते वाचलं, किंवा न वाचताच जाळलं, त्यांनी काय केलं, हे दोन्ही सांगायचं आहे.

पुस्तकात नऊ कथा आणि एक एकांकिका आहे. लेखक चार आणि चौघंही तिशीच्या आतले. संपादक सज्जाद झहीर. त्यांचे वडील सर वझीर हसन हे अवधच्या मुख्य न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. म्हणजे ज्या घरातून कायदा चाले, त्याच घरातल्या मुलाचं पुस्तक कायद्यानं जप्त झालं. संग्रहातल्या पाच कथा झहीर यांच्या आहेत. दोन अहमद अली यांच्या. ते लखनौ विद्यापीठात इंग्रजी शिकवत. एक महमूदुज्जफर यांची. हेही झहीर यांच्यासारखेच ऑक्सफर्डला शिकून आलेले. आणि एक कथा व एक एकांकिका डॉक्टर रशीद जहाँ यांची. चौघांमध्ये ही एकच बाई. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून शिकलेली, बाळंतपणं करणारी डॉक्टर. वडील शेख अब्दुल्ला आणि आई वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढमध्ये मुलींची शाळा काढली होती, आणि त्याबद्दल पुष्कळ ऐकूनही घेतलं होतं.

झहीर यांच्या ज्या कथेवरून सर्वांत मोठा गदारोळ झाला, ती 'जन्नत की बशारत', म्हणजे स्वर्गप्राप्तीची शुभवार्ता. रमजानमधल्या एका पवित्र रात्री इबादतीला बसलेल्या म्हाताऱ्या मौलवींना डुलकी लागते आणि स्वर्गातल्या पऱ्या स्वप्नात येतात. जाग येते ती बायकोच्या हसण्यानं. धार्मिक माणसाला ही कथा झोंबणार, हे सांगायला समीक्षक नको. ती झोंबावी म्हणूनच लिहिली होती. फेब्रुवारी १९३३ मध्ये शिया परिषदेनं निषेधाचा ठराव केला. उर्दू वर्तमानपत्रांतून अग्रलेख झडले. छापखान्याच्या मालकांनी माफी मागून उरलेल्या प्रती स्वाधीन केल्या.

सरकारनं वापरलं ते भारतीय दंड संहितेचं कलम २९५-अ. हे कलम तेव्हा अवघं साडेपाच-सहा वर्षांचं होतं. लाहोरच्या एका प्रकाशकानं १९२४ मध्ये 'रंगीला रसूल' नावाची पुस्तिका छापली होती. उच्च न्यायालयानं १९२७ मध्ये त्याला सोडलं, कारण त्या वेळच्या कायद्यात तो गुन्हा नेमका बसत नव्हता. लोकक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी हे कलम आलं. कोणत्याही वर्गाच्या धर्मभावना जाणूनबुजून, द्वेषबुद्धीनं दुखावल्या तर शिक्षा. प्रकाशकाचा तरीही १९२९ मध्ये खून झाला. ते कलम स्वातंत्र्यानंतरही राहिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते २९९ या क्रमांकानं बसलं आहे.

आता माझं वाचन. पहिल्या दोन-तीन कथा वाचल्यावर मी थोडा हिरमुसलो, हे खरं. 'नींद नहीं आती' ही झहीर यांची कथा म्हणजे झोप न येणाऱ्या एका माणसाच्या डोक्यातला गोंधळ. विचार, आठवणी, भुकेच्या आणि देवाच्या गोष्टी, एकात एक मिसळलेल्या. युरोपात जॉईसनं जे केलं, ते उर्दूत आणण्याची तरुण लेखकाची हौस त्यात दिसते. उर्दू कथेत हे नवं होतं, हे मान्य. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की लेखक रागावलेला आहे, आणि तो राग माणसांना नीट उभं राहू देत नाही. 'जन्नत की बशारत'मधले मौलवीसाहेब चेष्टेपुरतेच जन्माला आले आहेत. चेष्टा संपली की तेही संपतात. झहीर यांनाही हे पुढे जाणवलं असावं. पाकिस्तानच्या तुरुंगात असताना त्यांनी 'रोशनाई' हे चळवळीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलंय की या कथांमध्ये गांभीर्य आणि ठहराव कमी होता, जुनाट रूढींविरुद्धचा संताप जास्त होता.

पण त्याच झहीर यांची 'गर्मियों की एक रात' वाचा. मुन्शी बरकत अली नावाचा एक कारकून रात्रीची नमाज आटोपून अमीनाबादेत हवा खायला निघाला आहे. कचेरीतला चपराशी जुम्मन त्याला गाठतो. घरात खायला नाही, एक रुपया हवा आहे. मुन्शीजींच्या खिशात पैसे आहेत. पण ते वरच्या मिळकतीचे, आणि ते हातचे सोडायचे नाहीत. ते टाळाटाळ करत चालत राहतात, जुम्मन अदबीनं मागे मागे. तेवढ्यात कॉलेजातला जुना श्रीमंत मित्र मोटारीतून येतो आणि मुजऱ्याला चला म्हणतो. मुन्शीजी मोटारीत बसतात. जुम्मन रस्त्यावर उभा राहतो. संपली कथा. इथे कुणाची टिंगल नाही. मुन्शी वाईट माणूसही नाही. तो पगारदार आहे, एवढंच. अमीनाबादेऐवजी आपल्या कुठल्याही शहरातला बाजार घ्या आणि मुन्शीच्या जागी ओळखीचा कारकून ठेवा, काही अडत नाही. या कथेवर कुणी फतवा काढल्याचं माझ्या वाचनात नाही. काढायला हवा होता, असं मात्र गमतीनं म्हणावंसं वाटतं. समाजाचं खरं वाभाडं तिनंच काढलंय.

अहमद अली यांच्या 'महावटों की एक रात'मध्ये थंडीतला पाऊस पडतो आहे, छप्पर गळतं आहे, आणि एकेकाळी बरे दिवस पाहिलेली बाई अंधारात पोरांना कवटाळून, आता कोरडी जागा कुठली उरली ते शोधते आहे. देव आहे की नाही, असा प्रश्न तिच्या मनात येतो. त्यावरही आक्षेप घेतला गेला. पण तो प्रश्न कुणा नास्तिकाचा नाही. थंडीनं काकडलेल्या आईचा आहे. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत बायका देवाशी याहून कडक बोलल्या आहेत.

आणि मग रशीद जहाँ यांची 'दिल्ली की सैर'. जेमतेम तीन-चार पानांची कथा. उर्दू लिपी येणाऱ्या एका स्नेह्यांना मी ती मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितली, आणि बरं झालं. ती कानानंच ऐकायची कथा आहे. फरीदाबादच्या मलिका बेगम आगगाडीत बसून दिल्लीला जाऊन आल्या आहेत. ओळखीपाळखीच्या बायकांत आगगाडीत बसलेल्या त्या पहिल्याच. तेव्हा शेजारच्या सगळ्या जमल्या आहेत: सांगा, दिल्ली कशी होती? आणि बेगम सांगतात. दिल्लीच्या स्टेशनावर नवऱ्यानं त्यांना सामानावर बसवलं. नवऱ्याला कुणी ओळखीचा भेटला. तो म्हणाला, आलोच. बेगम बुरख्यात, सामानावर, एकट्या. माणसं येतात, निरखून जातात, काहीबाही बोलतात. इंजिनं किंचाळतात. भूक लागते. कितीतरी वेळानं नवरा मिशीला पीळ देत परततो, खाऊन-पिऊन, आणि विचारतो की तुला काही पुऱ्याबिऱ्या हव्यात का. बेगम म्हणतात, मला घरी घेऊन चला, नको तुमची ती दिल्ली. परतीच्या गाडीनं त्या घरी येतात. झाली दिल्लीची सहल.

यात घडतं काय? काहीच नाही. कुणी मारत नाही, कुणी रडत नाही, नवरा राक्षस नाही. सांगणारी बाई तर खुसखुशीत आहे, ऐकणाऱ्यांना हसवते. पण दिल्ली म्हणून तिनं जे पाहिलं, ते प्लॅटफॉर्मवरच्या एका जागेवरून, बुरख्याच्या जाळीतून. आणि बायकोला ट्रंकेबरोबर ठेवून जाण्यात आपण काही वावगं केलं, हे नवऱ्याच्या गावीही नाही. मला माझ्या आजोळच्या माजघरातल्या गप्पा आठवल्या. बायकांनी एकमेकींना हसत सांगितलेल्या अशा कितीतरी सहली आम्ही पोरं ऐकत होतो. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

'पर्दे के पीछे' या एकांकिकेत दोन बायका नुसत्या बोलत बसल्या आहेत. एकीला जवळजवळ दर वर्षी मूल. शरीराची चिपाडं झालेली. तरी नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची धमकी द्यायला तोंड आहे. इथे मात्र लिहिणारी डॉक्टर आहे, हे कळतं. दवाखान्यात पडद्यामागे बायका जे सांगत असतील, ते तिनं कागदावर आणलं. महमूदुज्जफर यांच्या 'जवांमर्दी' या कथेतही बाईचं बाळंतपण म्हणजे नवऱ्याच्या पौरुषाची परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेत बाई मरते. पण त्यात लेखक पुरुष बोलतो, बाई नाही.

संतापलेल्या लोकांनी या पुस्तकाचं वाचन कसं केलं? त्यांना लेखिका दिसली आणि त्यांनी तिला गाठलं. खरं तर तिच्या दोन्ही लेखनांत धर्मग्रंथाची टिंगल नाही. स्वप्नातल्या पऱ्या तिच्या नव्हेत, झहीर यांच्या. पण नाक कापून टाकू, तोंडावर तेजाब फेकू, अशा धमक्या आल्या त्या रशीद जहाँ यांना. लोक त्यांना 'अंगारेवाली' म्हणू लागले. पुस्तकाच्या चार लेखकांपैकी हे विशेषण एकीलाच चिकटलं. त्या मागे हटल्या नाहीत, आणि दवाखानाही त्यांनी सोडला नाही.

मराठी वाचकाला इथे आपलं एक पुस्तक आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्यात होतं. केवढी खळबळ! आणि ती कथांपेक्षाही, ही विभावरी आहे तरी कोण, यावरून जास्त. एखाद्या पुरुषानंच बाईच्या नावानं लिहिलं असावं, असाही तर्क झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नाव त्यामागे होतं, हे पुष्कळ वर्षं गुपित राहिलं. रशीद जहाँ आणि मालतीबाई या दोघींचं जन्मसाल एकच, १९०५. एक अलीगढच्या मुलींच्या शाळेच्या अंगणात वाढली, दुसरी अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याला शिकली. दोघींनी काही महिन्यांच्या अंतरानं, एकमेकींचं नावही ठाऊक नसताना, बायकांचं खाजगी बोलणं छापील पानावर आणलं. एकीनं स्वतःचं नाव घातलं, दुसरीनं झाकलं. नाव झाकणारीला भित्री म्हणण्याचा मोह मला होत नाही. अंगारेवालीचं काय झालं, हे पाहिल्यावर तर मुळीच नाही. आणि आपण पुण्या-मुंबईचे लोक फार मोकळे होतो, असंही कुणी समजू नये. याच काळात र. धों. कर्व्यांना 'समाजस्वास्थ्य'साठी कोर्टात उभं राहावं लागत होतं. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर लढले, तरी कर्वे हरले.

पुस्तक जप्त झाल्यावर तीन आठवड्यांनी, ५ एप्रिल १९३३ रोजी, अलाहाबादच्या 'लीडर' या इंग्रजी वर्तमानपत्रात महमूदुज्जफर यांनी लेखकांच्या वतीनं निवेदन दिलं. त्याचा आशय असा, की आम्ही माफी मागणार नाही. पुस्तक तरेल किंवा बुडेल, ते त्याच्या गुणावर. पण लिहिण्याचा आणि छापण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही. शिवाय पुरोगामी लेखकांचा एक संघ काढावा, अशी सूचना त्यात होती. वर्तमानपत्रातल्या त्या मजकुरातून पुढे बरंच काही निघालं. झहीर तेव्हा पुन्हा इंग्लंडला गेले होते. तिथे मुल्कराज आनंद आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी जाहीरनामा तयार केला. प्रेमचंदांनी १९३५ मध्ये तो आपल्या 'हंस' मासिकात छापला. आणि एप्रिल १९३६ मध्ये लखनौला पुरोगामी लेखक संघाची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्षही प्रेमचंदच. ज्या गावात पुस्तक जळलं, त्याच गावात, तीन वर्षांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रेमचंद गेले.

रशीद जहाँ आणि महमूदुज्जफर यांचं १९३४ मध्ये लग्न झालं. ते दोघं अमृतसरला असताना तिथल्या कॉलेजात एक नवा तरुण प्राध्यापक आला. त्याचं नाव फैज अहमद फैज. या दाम्पत्यानं त्याला कम्युनिस्ट जाहीरनामा वाचायला दिला, ही हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे.

मला मात्र या पुस्तकाची सगळ्यांत मोठी वाचक वाटते ती वेगळीच. अलीगढमध्ये शिकणारी एक मुलगी. 'अंगारे' तिनं लपूनछपून वाचलं. रशीद जहाँ यांना पाहून, ऐकून ती भारावली. बाईनं असं बेधडक बोलावं, हसावं, लिहावं, हे तिला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. ती इस्मत चुगताई. पुढे त्या मुंबईत आल्या आणि १९४२ मध्ये त्यांची 'लिहाफ' ही कथा लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ'मध्ये छापून आली. अश्लीलतेचा खटला झाला. तारखांना मुंबईहून लाहोरला जावं लागे, आणि बरोबर मंटो असत, कारण त्यांच्यावरही तिथेच खटला चालू होता. इस्मत आपांनी माफी मागितली नाही. कोर्टाला त्या कथेत आक्षेपार्ह शब्द काही सापडला नाही आणि त्या सुटल्या. 'लिहाफ'मधलं घर, त्यातल्या बंद खोल्या, त्यातलं मुलीचं निरागस निवेदन वाचताना मलिका बेगमचा तो आवाज ऐकू येतो. सगळं हसत सांगायचं, आणि न सांगितलेलं ऐकणाऱ्यावर सोडायचं. झहीर यांचे मौलवी उर्दू कथेत फार काळ टिकले नाहीत. सामानावर बसलेली ही बाई टिकली.

रशीद जहाँ यांनी पुढे लिहिलं, पण थोडंच. हयातीत एकच संग्रह, 'औरत', १९३७ चा. वेळ दवाखान्यात आणि पक्षाच्या कामात गेला. १९४९ मध्ये त्या तुरुंगात गेल्या. नंतर कर्करोग निघाला. उपचारासाठी त्यांना मॉस्कोला नेलं आणि २९ जुलै १९५२ रोजी त्या तिथेच वारल्या. वय अवघं शेहेचाळीस. थडग्यावर कम्युनिस्ट, डॉक्टर आणि लेखिका असं लिहिलेलं आहे, आणि क्रमही तोच आहे. 'अंगारेवाली' हा शब्द त्यावर नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)